लख्खकाका आणि मुळांना चिकटलेली माती

गल्लीतली माणसं त्यांना लख्खकाका म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची लॉन्ड्री होती. धुऊन इस्त्री केलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते तो खिडकीच्या उजेडात धरत, मान तिरकी करून न्याहाळत आणि समाधानाने म्हणत, "लख्ख!" हा शब्द त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारला होता की त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

त्यांना स्वच्छतेचं वेड होतं म्हणावं, तर वेड हा शब्द फार सौम्य झाला. कुणीही दारात आलं की काकांची नजर आधी कॉलरवर जाई, मग बाह्यांच्या कडांवर, आणि माणूस कोण आहे ते सगळ्यात शेवटी कळे. एकदा सख्खा साडू समोर येऊन उभा राहिला, तर यांनी त्याच्या खिशावरचा शाईचा डाग ओळखला, साडूला ओळखलं नाही. हे सगळं काका स्वतःच सांगत. आपली फजिती रंगवून सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा ते स्वतःला 'मी' म्हणत नसत, 'हा शहाणा' म्हणत. "मग हा शहाणा काय करतो..." असं त्यांनी सुरू केलं की इस्त्रीच्या कपड्यांसाठी खोळंबलेलं गिऱ्हाईकसुद्धा घाई विसरून स्टूल पुढे ओढून घेई.

त्यांच्या पोतडीतली सगळ्यात मोठी गोष्ट अंगणाच्या मातीची. ती सांगताना मात्र शेवटाकडे त्यांचा आवाज बसायचा.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की अंगण लागे, आणि अंगणाच्या टोकाला एक उंच विटांची भिंत. भिंतीपलीकडे पूर्वी नळांना, कड्यांना, दारांच्या मुठींना चकाकी चढवायचा कारखाना होता. काकांना त्या कारखान्याबद्दल मनातून आदर वाटे. शेवटी तेही लोक वस्तू लख्ख करूनच देत होते. कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, छप्पर गेलं, आणि मग कधीतरी शहराच्या प्रयोगशाळेची माणसं येऊन भिंतीलगतच्या सगळ्या अंगणांतली माती तपासायला घेऊन गेली. कारखान्याचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीखालून झिरपत होतं. मातीत कॅडमियम निघालं, निकेल निघालं. काकांना ही नावं आधी कुठल्यातरी गोळ्यांची वाटली.

काकांची लेक इस्पितळात नर्स होती. तिला ही नावं गोळ्यांची वाटली नाहीत. त्याच सुमारास तिला मुलगी झाली होती. बाळ नुकतं रांगायला लागलं तेव्हा ती माहेरी आली, बाळाला कडेवर घेऊन मागच्या दारात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ही माती साफ होईपर्यंत हिला खाली सोडायचं नाही. लहान मुलांचा हात सारखा तोंडात असतो."

"अगं, तू याच अंगणात लोळून मोठी झालीस," तिची आई म्हणाली.

"तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं ना आई. आता माहीत आहे."

 लेकीने आवाज चढवला नव्हता की कुणाला दोष दिला नव्हता, पण काकांच्या मनाला ते फार लागलं. दुकानावर पाटी होती, 'कुठलाही डाग काढून मिळेल'. आणि घरामागे हा एवढा मोठा डाग, ज्यात नातीला पाऊल टाकता येत नाही!

नातीला तर अंगण म्हणजे जीव की प्राण. ते मिळत नव्हतं म्हणून असेल. आली की तडक मागच्या दाराकडे धावायची. काका सगळ्यात वरच्या पायरीवर धुतलेली पांढरी चादर अंथरून ठेवत. तिथे बसून ती खाली बघत राही आणि बोलता यायला लागल्यापासून तिचा एकच प्रश्न असे.

"आजोबा, आज उतरू?"

"आज नको गं राणी."

"मग कधी?"

 काका तिला लिमलेटची गोळी देत.

पण हार मानतील तर ते लख्खकाका कसले. बाळ रांगत होतं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की माती म्हणजे शेवटी काय, एक मोठं मळकं कापडच. "मग हा शहाणा काय करतो, बादलीभर माती घेतो, टबात टाकतो, वर सोडा टाकतो आणि धुवायला बसतो." पाणी गढूळ झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तेही गढूळ झालं. बराच वेळ हे चालल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, मातीतून मळ काढताय?"

"हो."

"मग खाली काय उरेल?"

काकांनी टबात पाहिलं. खाली चार खडे उरले होते. ते मात्र खरोखरच लख्ख होते.

सगळी माती उपसून नेता येईल का, याची चौकशी झाली, पण गल्लीत मोठी गाडी शिरत नव्हती आणि तेवढं खोल खणलं तर जुन्या घरांचे पाये उघडे पडले असते. शेवटी प्रयोगशाळेतून एक बाई आल्या आणि म्हणाल्या की आपण झाडांकडून काम करून घेऊ.

या बाईंचं पहिलं दर्शन काकांना जन्मभर विसरता आलं नाही. अंगात पांढरा कोट, निदान एके काळी पांढरा असावा असा. खिशाच्या कडा तपकिरी, कोपरांवर हिरवे ओरखडे, आणि नखांत माती. काका त्यांना तोंडावर मॅडम म्हणत, बायको पाठीमागे मातीच्या बाई म्हणे. बाईंचं बोलणं चालू असताना काकांचं निम्मं लक्ष त्यांच्या कोटाकडे होतं. पुढे जे रामायण झालं त्याला हेही एक कारण.

"उन्हाळ्यात सूर्यफूल आणि थंडीत मोहरी लावायची," बाई पायरीवर बसून सांगत होत्या. "झाडं हा धातू मुळांतून ओढून पानांत साठवतात. पानं गळायच्या आत झाड कापायचं. आम्ही ते नेऊन बंद भट्टीत जाळू. असं हंगामामागून हंगाम. पण काका, झाडाला हे एकट्याला जमत नाही. धातू मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला असतो. त्याची पकड सोडवणारे कामगार वेगळेच."

"ते कोण?"

"मूळ स्वतःभोवती गोडसर रस सोडतं. त्या रसावर जगणारी वस्ती मुळाला अगदी लागून असते, नखाच्या जाडीएवढ्या मातीत. ती धातू सुटा करते आणि मुळाला विषाचा त्रासही कमी होऊ देते."

"वस्ती म्हणजे कुणाची वस्ती?"

"जंतूंची."

काकांनी जमिनीवरचा पाय उचलून पायरीवर घेतला. दुकानात त्यांनी हौसेने टांगलेली एक फळी होती, 'येथे जंतूंचा नायनाट होतो'. जंतू हा शब्द नायनाट या शब्दाशिवाय त्यांनी आजवर कधी तोंडातून काढला नव्हता.

"तुमच्याच मातीतले आहेत," बाई हसून म्हणाल्या. "एवढी वर्षं विषात राहून जगले, म्हणजे चिवट आहेत. आम्ही त्यांना वाढवतो आणि दर पंधरवड्याला एक कॅन आणून देतो. तो झारीत ओतून बुंध्याशी घालायचा. हातमोजे, बूट घाला आणि काम झालं की हात धुवा. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, हे वाक्य काकांनी ऐकलं, समजलंही. पण 'बाकी' या सदरात झारी धुणं येतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. झारी धुणं म्हणजे काही करणं नव्हे. ते म्हणजे श्वास घेणं.

तेव्हा काकांनी कामाला सुरुवात केली. पहिला कॅन घातला, आणि झारी ब्लीचने घासून, खळबळून पालथी घातली. दुसरा कॅन यायच्या आधी पुन्हा एकदा ब्लीचने घासली, कारण शिळ्या जंतूंत ताजे जंतू मिसळणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. झाडांना घालायचं पाणी पिंपात साठवलेलं असे. ते हिरवट होऊ लागलं तसं काकांनी त्यात रोज झाकणभर ब्लीच सुरू केलं. बुंध्यावर चिखल उडालेला दिसला की ओल्या फडक्याने बुंधा पुसून घेत. फडकं कशात भिजवलेलं असे ते वेगळं सांगायला नको.

आता त्याच भिंतीला लागून शेजारचं अंगण सायकलवाल्याचं होतं, आणि तिथेही बाईंची सूर्यफुलं लावली होती. सायकली दुरुस्त करणारा गडी, कोपरापर्यंत ग्रीस. आठवण झाली तर कॅन ओतायचा, तोही झारीबिरी न घेता सरळ तोंडानेच, आणि रिकामा कॅन तिथेच भिरकावून द्यायचा. काका कुंपणावरून हे बघून नाक मुरडत.

मग सूर्यफुलं वाढू लागली. म्हणजे सायकलवाल्याची वाढू लागली. बघता बघता ती कुंपणाच्या वर गेली आणि वरून काकांच्या अंगणात डोकावू लागली. काकांची झाडं गुडघ्यापाशी थांबली आणि पिवळी पडली. काकांचा संशय सरळ सायकलवाल्यावर.

"काय घालतोस रे झाडांना?"

"काही नाही काका. तुम्ही?"

"मीही काही नाही."

दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

नमुने घ्यायचा दिवस ठरला, तेव्हा काकांनी आदल्या दिवशीच तयारी करून ठेवली. बाईंचे हात आणखी मळू नयेत हा उदात्त हेतू. त्यांनी प्रत्येक ओळीतून एकेक झाड उपटलं, मुळं सोड्याच्या पाण्यात बुडवली, ब्रशने हलक्या हाताने घासली, सावलीत वाळवली आणि प्रत्येक झाड इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून वर गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतात तशी खुणेची चिंधी बांधली. गठ्ठे टेबलावर ओळीने मांडून ठेवले.

बाई आधी सायकलवाल्याकडे गेल्या. काका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. बाईंनी एक झाड उपटलं आणि अलगद झटकलं. सुटी माती खाली पडली. तरीही मुळांवर मातीचा एक पातळ थर तसाच राहिला. बाईंनी तो ब्रशने हळूच एका पिशवीत उतरवून घेतला.

"एवढीच?" काकांनी विचारलं.

"एवढीच हवी असते. झटकूनही जी सुटत नाही ती. सगळी वस्ती त्यातच असते ना!"

बाई मग काकांकडे आल्या. काकांनी रुमालांचे गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले ते जरा हळूच. बाईंनी पहिली गाठ सोडली. आत पांढरीशुभ्र मुळं होती, मातीचा कण नसलेली. बाईंनी दुसरी सोडली, तिसरी सोडली. मग त्या अंगणात उतरल्या आणि स्वतःच्या हाताने एक झाड उपटलं. तेही सुळकन वर आलं. न झटकताच सगळी माती गळून पडली. बाईंनी मूठभर माती नाकाशी नेली, मग झारी हुंगली, मग पिंपावरचं झाकण उघडून आत तोंड घातलं.

"काका, यात ब्लीच घालता?"

"अगदी थोडं. झाकणभर."

"कधी?"

"रोज."

बाई पायरीवर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसताना गालावर मातीचे पट्टे उमटले. "मी कॅन भरभरून पाठवतेय, आणि तुम्ही त्यांना दारातच..." त्यांना पुढे बोलवेना. बायकोही हसू लागली. काकाही हसले, कारण स्वतःवर हसायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "पण मॅडम, माझी नात?"

बाईंचं हसू थांबलं. "हा हंगाम फुकट गेला, काका. मातीतली वस्ती पुन्हा बसायलाच पुढचा हंगाम जाईल."

तोवर नात चालायला लागली होती. काकांनी मनात हिशेब मांडला आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. पानं पुन्हा फुटतात, मोहरी पुन्हा पेरता येते. मूल मात्र थांबत नाही.

लेक आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं तर बायकोने सांगितलंच असतं. "मग हा शहाणा काय करतो, मुळांना आंघोळ घालतो, रुमालात गुंडाळतो, वर चिंधीसुद्धा बांधतो. नशीब, खळ नाही घातली!" लेक पोट धरून हसली, जावई खुर्चीवरून पडायचा राहिला. एवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"आजोबा, आज उतरू?"

खोलीतलं हसू एकदम ओसरलं. काका उठून तिच्याकडे गेले. त्या दिवशी त्यांनी तिला लिमलेटची गोळी दिली नाही, नुसते शेजारी बसून राहिले. आपण किती मूर्ख आहोत हे त्यांना नेहमीच ठाऊक होतं, पण त्या मूर्खपणाची शिक्षा दुसऱ्याला होते आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लीचची बाटली बायकोच्या ताब्यात दिली. दुकानाच्या उंबऱ्यापलीकडे ती न्यायची नाही, असा घरात कायदा झाला. झारी कधीही घासायची नाही, हा दुसरा कायदा. ती झारी कोपऱ्यात पडून आतून हिरवी झाली, मग काळपट झाली, आणि काका तिच्याकडे न बघता तिची मूठ चाचपडत शोधायला शिकले. दुकानातली नायनाटाची फळी त्यांनी उलटी करून भिंतीकडे तोंड करून टांगली. कुणी विचारलं तर म्हणत, "मागे पाहुणे आहेत. त्यांनी वाचलं तर बरं दिसत नाही."

पाहुण्यांची सरबराई हळूहळू अंगवळणी पडली. एका सकाळी बायकोने त्यांना बुंध्याशी वाकून कुणाशी तरी बोलताना ऐकलं.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"'पोटभर घ्या' असं म्हणालात."

काकांनी कबूल केलं. ज्यांचा आयुष्यभर जीव घेतला त्यांना आता जेवायला आग्रह करताना आपलं आपल्यालाच कसंतरी होतं, असंही म्हणाले. पण आग्रह काही थांबवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सूर्यफुलं कमरेला आली आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंपणाच्या वर गेली. काकांनी जन्मात पहिल्यांदा फुलवलेलं फूल ताटाएवढं झालं, आणि बाईंची माणसं येऊन ते पोत्यात भरून जाळायला घेऊन गेली. "या माणसाच्या हाताला कधी नव्हे ते फूल आलं, तर तेही विषारी," काका म्हणाले. दर वर्षी माती तपासली जाई आणि दर वर्षी बाई तेच सांगत. "कमी होतंय काका, पण अजून नाही." काका मान हलवत आणि पुन्हा बी पेरत.

या सगळ्या काळात नात येत होती, चादरीवर बसत होती आणि वाढत होती. तिथे बसून करायचं काय, म्हणून काकांनी तिला आपली विद्या शिकवली. रुमालाची घडी कशी घालायची, कॉलर कशी ओढून धरायची, चहाचा डाग कसा ओळखायचा आणि गंजाचा कसा. पोरगी हुशार. शाळेत जायला लागली तशी वर्गातल्या सगळ्यांच्या गणवेशावरचे डाग तिला पाठ. काकांना धन्यता वाटे. 'आज उतरू?' हा प्रश्न मात्र आधी दर वेळी यायचा, तो मग कधीमधी येऊ लागला, आणि मग यायचा थांबला. तो नक्की कधी थांबला, हे काकांच्या लक्षातच आलं नाही. कपड्यावरचा टाचणीएवढा डाग दिसणाऱ्या माणसाला एवढी मोठी गोष्ट दिसली नाही.

एके दिवशी बाई आल्या. कोट तोच, डाग आणखी. "काका, झालं," त्या म्हणाल्या. "भिंतीलगतची पट्टी अजून राहू द्या, तिथे झाडंच असू द्या. पण पायऱ्यांपासून मधल्या वाटेपर्यंतची माती आता मर्यादेच्या आत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा तपासून बघायचं का?"

"दोनदा तपासली, काका."

काकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी एवढी वर्षं मनात धरून ठेवलेलं मागणं मागून घेतलं. "मॅडम, तो कोट द्या हो माझ्याकडे." बाईंनी हसत कोट काढून दिला आणि काकांनी तो दोन दिवसांत खरोखरच लख्ख करून परत पाठवला. तेवढं तरी त्यांना येत होतं.

आणि मग तो रविवार उजाडला. काकांनी सकाळीच दाढी केली, कडक इस्त्रीची पांढरी पँट घातली आणि पायरीवरची चादर काढून घडी घालून ठेवली. लेक आणि नात आल्या. काकांनी नातीचा हात धरून तिला मागच्या दारात आणलं.

"ये राणी," ते म्हणाले. "आज उतर."

नातीने अंगणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या मोज्यांकडे पाहिलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खेळायला. माती साफ झाली."

"पण आजोबा, मी आता मोठी झालेय," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आणि ती माती आहे ना? पायाला चिकटेल. घाण होईल."

स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या बायकोचा हात थांबला. लेक खाली बघू लागली. काकांनी तोंड उघडलं, "मग हा शहाणा..." इतकंच म्हणाले, आणि पुढचं काही आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःवर हसता आलं नाही. पोरीचं काय चुकलं होतं? जे शिकवलं तेच ती बोलत होती, आणि तेही अगदी त्यांच्याच चालीवर.

ते एकटेच पायऱ्या उतरले, मधल्या वाटेपर्यंत गेले आणि त्या कडक पांढऱ्या पँटनिशी खाली मातीत बसले. का बसले ते त्यांना सांगता आलं नसतं. एवढी वर्षं मशागत केली, तर कुणीतरी बसायला हवंच होतं. "बघ," ते म्हणाले, "काही होत नाही."

"आजोबा! तुमची पँट!" नात किंचाळली.

"असू दे."

"असू दे काय? उठा आधी!"

काकांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्याने साफ नकार दिला. त्यांनी हात टेकून पुन्हा जोर लावला आणि पुन्हा मागे बसले, आता आणखी थोडे रुतून. "अगं, उठताच येत नाही," ते म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

नातीने कपाळाला हात लावला. मग तिने पायातले मोजे काढले, त्यांची नीट घडी घातली, घडी पायरीवर ठेवली आणि अनवाणी खाली आली. पहिलं पाऊल टाकताना तिने श्वास रोखला होता. दुसरं पाऊल जरा सावकाश पडलं. ती काकांपाशी आली, दोन्ही हात धरून तिने जोर लावला, पाय घसरला आणि ती धपकन त्यांच्या शेजारी बसली.

काका घाबरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने आपला फ्रॉक पाहिला, तळवे पाहिले. मग एक हात मातीत रोवला आणि बोटं आत खुपसली.

"मऊ आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आतून गार."

"हो ना," काका म्हणाले. ते रडत होते, आणि नातीला ते कळू नये म्हणून पँटवरची माती झटकत होते.

लेक मागच्या दारात येऊन उभी होती. बाळाला कडेवर घेऊन जिथे उभी राहिली होती, अगदी तिथेच. पोरीचा मातीने भरलेला हात नाकापाशी गेलेला तिने पाहिला. तिने चपला काढल्या आणि पायऱ्या उतरून त्या दोघांच्यात येऊन बसली. आतून बायको ओरडली की चहा गार होतोय, पण कुणी उठलं नाही. एकाला तर उठता येतच नव्हतं.

शेवटी दोघींनी मिळून काकांना उभं केलं. निघायची वेळ झाली. नात पायरीपाशी आली, तिने एकेक पाय झटकला. सुटी माती खाली पडली. टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटली होती ती तशीच राहिली.

"आजोबा, धुवायचे ना?"

लख्खकाका नळापाशी उभे होते. तांब्या भरून हातात तयार होता, सवयच ती. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि तांब्यातलं पाणी बाजूच्या मोहरीच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर धू. आता काय घाई आहे?"